शंकासमाधान : आजोबांच्या वहीतले येणे-देणे

शंका : एका वाचकाच्या आजोबांनी जन्मभर पिठाची गिरणी चालवली. पहाटे उठून दगडांना टाकी लावायची, दिवसभर पट्ट्याच्या खडखडाटात उभे राहायचे आणि दिवेलागणीला अंगावरचे पीठ झटकून हरिपाठाला बसायचे, हा त्यांचा शिरस्ता. त्याच कमाईवर मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने झाली. आता वर्षश्राद्ध तोंडावर आले असताना पेटीच्या तळाशी लाल कापडी बांधणीची वही सापडली आहे. तिच्यात निम्म्या गावाची उधारी आहे. थोरले काका म्हणतात, वसुली करू आणि त्यातून गावजेवण घालू. नातवाला ते रुचत नाही. आजोबांनी हयातीत मागितले नाहीत ते पैसे त्यांच्यामागे मागणे धर्माला धरून आहे का?

समाधान : नातवाने पत्रासोबत वहीच्या दोन पानांच्या झेरॉक्स जोडल्या, हे बरे केले. पैसे आले तिथे आजोबांनी ‘जमा’ लिहून खाली तारीख टाकली आहे. काही नावांवर मात्र नुसती आडवी रेघ आहे; ‘जमा’ नाही, तारीखही नाही. पै-पैचा हिशेब लिहिणारा माणूस इतक्या ठिकाणी ‘जमा’ लिहायला विसरेल, हे संभवत नाही. त्या रेघा म्हणजे सोडून दिलेली उधारी. तिथे वारसांनी आता काही ठरवायचे उरलेलेच नाही. ज्याचे पैसे होते त्याने आपल्या हाताने खाते मिटवले आहे.

प्रश्न उरतो तो रेघ नसलेल्या नावांचा. इथे देहूचे उदाहरण जसेच्या तसे लागू पडते. तुकोबांच्या घरी महाजनकी आणि सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घर पार खचले, त्यानंतर तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या कथेतला अर्धा भाग कीर्तनात ऐकून पुष्कळजण घरी विसरतात. तुकोबांनी सगळी खते बुडवली नाहीत. निम्मी त्यांनी धाकटा भाऊ कान्होबाच्या हवाली केली आणि स्वतःच्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली. दुसऱ्याच्या वाट्यावर उदार होणे त्यांना मंजूर नव्हते.

म्हणून नातवाने काकांना धर्म शिकवू नये. आपल्या वडिलांच्या वाट्याला येणारी उधारी वडिलांच्या संमतीने सोडावी आणि काकांच्या वाट्याचा निर्णय काकांवर सोपवावा. काकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा साध्या उधारीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मुदत असते. वहीतल्या बहुतेक नोंदी त्यापेक्षा कितीतरी जुन्या आहेत. कोर्टात त्या टिकणार नाहीत, म्हणजे उरतो तो फक्त दारात जाऊन मागण्याचा मार्ग. गावात त्याची चर्चा काय होईल, ते काकांना सांगायला नको. कुणी आपणहून आणून दिले तर जरूर घ्यावे. देणाऱ्यालाही मोकळे व्हायचे असते.

आता पत्रात न विचारलेली गोष्ट. दुसऱ्या झेरॉक्सच्या खालच्या कोपऱ्यात ‘मोटारीसाठी हातउसने’ अशी नोंद आहे. समोर एका गृहस्थाचे नाव आहे आणि तिच्यावर ना ‘जमा’, ना ‘फेड’, ना रेघ. येण्यावरून घरात दोन तट पडले, पण या देण्याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही! शास्त्रकारांचे लक्ष मात्र आधी इकडे जाते. बृहस्पतीने पिढ्यांचा हिशेबच लावून दिला आहे. बापाचे ऋण मुलाने व्याजासह फेडावे, आजोबांचे ऋण नातवाने फक्त मुद्दल देऊन फेडावे आणि पणतूवर बंधन नाही. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर घेतलेले कर्ज केवळ अशा धार्मिक कर्तव्याच्या नावाखाली मुला-नातवाकडून वसूल करता येत नाही. मात्र मृताची मालमत्ता वारसांकडे आली असेल, तर तिच्या मर्यादेत देणे लागतेच, आणि इथे गिरणी तर वारसांकडेच आहे. ते गृहस्थ हयात असतील तर त्यांना, नसतील तर त्यांच्या मुलांना वर्षश्राद्धाच्या आधी गाठावे. मुद्दल द्यावे आणि वहीत ‘फेड’ लिहून तारीख घालावी. काका ज्येष्ठ आहेत, हे काम त्यांच्याच हातून व्हावे.

शंका : वसुली नको, असे ठरले तरी गावजेवण व्हायलाच हवे, प्रसंगी पतपेढीतून कर्ज काढू, असा घरातल्या काहींचा आग्रह आहे. एवढ्या दानशूर माणसाचे वर्षश्राद्ध चार पानांवर उरकले तर लोक काय म्हणतील?

समाधान : लोक जेवतील आणि ‘भात जरा कच्चा होता’ असे म्हणतील.

मनुस्मृतीचे नाव काढले की वाद होतात आणि त्याला कारणेही सबळ आहेत. पण श्राद्धाच्या खर्चाबद्दल तिचे मत आजही ऐकण्यासारखे आहे. देवांसाठी दोन, पितरांसाठी तीन पाने मांडावीत, नाहीतर दोन्हीकडे एकेक. यजमान श्रीमंत असला तरी पसारा वाढवू नये. पसाऱ्याने सत्कार, जागा, वेळ, शुचिता आणि पात्र माणसांची निवड या पाचही गोष्टी बिघडतात. मांडवात तिसऱ्या पंगतीची वाट पाहत उभा राहिलेला कुणीही याची साक्ष देईल. विष्णुपुराण आणखी पुढे जाते. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने गाईला चारा घालावा. तेही जमत नसेल तर रानात जाऊन दोन्ही हात वर करावेत आणि आपल्याजवळ धन नाही, भक्ती तेवढी आहे, असे पितरांना सांगावे.

कर्ज काढून सण करण्याविरुद्ध गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तने केली, ती ऐकीव ज्ञानावर नव्हेत. वडिलांच्या पश्चात त्यांचे बालपण दापुऱ्यात आजोळी गेले. मामांची शेती सावकाराच्या घशात गेली, हे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिले होते. पुढे मुलीच्या बारशाला दारू आणि मटणाची रूढ पंगत मोडून त्यांनी गोड जेवण घातले. भावकीने नाके मुरडली, बाबांनी तिकडे लक्ष दिले नाही.

तेव्हा कर्ज काढू नये. ऐपतीत बसेल तेवढे अन्नदान करावे आणि पहिले पान गिरणीत आजोबांच्या हाताखाली राबलेल्या गड्याचे असावे.

शंका : आजोबांचा फार जीव होता तो मुलीच्या मुलावर. त्याला श्राद्धाचा अधिकार आहे का?

समाधान : आहे, आणि त्यासाठी पंचांगात स्वतंत्र दिवसही राखलेला आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशी, मातामह श्राद्ध असते. एरवी वडील हयात असलेल्याने श्राद्ध करायचे नसते, पण हे श्राद्ध वडील हयात असलेल्या नातवानेच करावे असा संकेत आहे. मुलीलाही अडवू नये. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी तर स्त्रियांना पौरोहित्यच शिकवते. जिथे बाई मंत्र सांगू शकते तिथे लेकीला वडिलांना तिलांजली देण्यापासून रोखायचे कशाला?

शंका : आजोबा माळकरी होते, आषाढीची वारी त्यांनी सहसा चुकवली नाही. ‘घरची वारी मोडू नकोस’ असे आजी म्हणते. नातवाचा मात्र देवावर विश्वास नाही. आजीच्या समाधानासाठी चालावे की प्रामाणिकपणे नाही म्हणावे?

समाधान : ही पत्रातली सगळ्यात अवघड शंका आणि तिला एका वाक्याचे उत्तर नाही. वारकरी संप्रदायात वारी घराण्यात चालत येते, हे खरे. तुकोबांच्या घरातही ती त्यांच्या कितीतरी पिढ्या आधीपासून होती. १६८५ साली पादुका पालखीत ठेवून देहूहून सोहळा काढला तो त्यांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी. तुकोबा गेले तेव्हा नारायणमहाराज आईच्या पोटात होते, असे परंपरा सांगते. म्हणजे कधी न पाहिलेल्या वडिलांच्या पादुका घेऊन हा मुलगा चालला.

पण ती त्यांची श्रद्धा होती. नसलेली श्रद्धा गळ्यात घालून मिरवणे आजोबांनाही पटले नसते. नातवाने माळ घालू नये. माळेबरोबर एकादशी येते, मांस-मद्य वर्ज्य होते, आणि हे सगळे निभावण्याची तयारी नसताना घातलेली माळ आजीचीच फसवणूक ठरेल. त्याने देव मानत नसल्याचे आजीला सरळ सांगावे, मात्र तेवढ्यावर थांबू नये. आजोबा ज्या दिंडीत चालत तिची भिशी दरवर्षी भरावी. एखादा मुक्काम गाठून पाणी वाटायला, पंगत वाढायला उभे राहावे. दिंडीत कामाच्या माणसाला ‘विश्वास आहे का’ असे सहसा कुणी विचारत नाही. आजीचे पाय चालत असतील तर एका मुक्कामापुरते तिलाही बरोबर न्यावे.

शंका : आजोबांनी गावच्या शाळेच्या छपरासाठी पैसे दिले होते, तेही कुणाला न सांगता. आता तिथे त्यांच्या नावाचा फलक लावावा का?

समाधान : गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांचा कारभार विश्वस्तांकडे सोपवला. कुटुंबासाठी त्यांत हक्क ठेवला नाही. आजोबांनी तर पैसे देताना नावही सांगितले नव्हते, मग ते भिंतीवर लावण्याचा अधिकार वारसांना कुठून मिळाला? शाळेने आपणहून ठराव करून नाव दिले तर घरच्यांनी हरकत घेऊ नये. फलकाची मागणी मात्र घरातून जाऊ नये.