नव्या वर्षात मन कुणी बदलायचं?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की नोकरी शोधणाऱ्या माणसाच्या फोनवर एकाच चालीचे सल्ले येऊ लागतात. रिज्युमे नव्यानं लिहा. प्रोफाइलचा फोटो बदला. रोज पाच अर्ज करा. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत : माइंडसेट बदला.

पहिल्या तीन सल्ल्यांशी माझं भांडण नाही. जानेवारी खरोखरच कामाचा महिना आहे. ज्या परदेशी कंपन्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यांच्याकडे नवी बजेटं आलेली असतात. आपल्याकडचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं, आणि नव्वद दिवसांचा नोटिस पीरिअड असलेल्या माणसाला एप्रिलमध्ये रुजू करून घ्यायचं, तर बोलणी आताच व्हायला हवीत. पोर्टलवर प्रोफाइल ताजं दिसावं म्हणून लोक सकाळी हेडलाइनमधला एक पूर्णविराम काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत घालतात. हसू येतं खरं, पण त्यात लबाडी नाही. मी अजून शोधतोय, एवढंच तो पूर्णविराम सांगत असतो.

अडचण चौथ्या सल्ल्याची आहे. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : आधी मन, मग काम. उत्साही माणसाला नोकरी मिळते. तुम्हाला मिळाली नाही, म्हणजे उत्साह कुठेतरी कमी पडला. म्हणजे आधी नोकरी गेली, आणि आता ती गेल्याचा दोषही तुमच्याच डोक्यात सापडला.

हा क्रम खरा आहे का, हे पाहायचं तर व्हिएन्नाजवळच्या मारिएंटाल गावाकडे जावं लागतं. अख्खं गाव एका कापडगिरणीवर जगायचं. जागतिक मंदीच्या सुरुवातीला ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी त्या गावाचा अभ्यास केला आणि १९३३ साली त्यावर पुस्तक काढलं. गिरणी चालू होती तेव्हा हे गाव हौशी होतं. वाचनालय, नाटकं, राजकारण, सगळं जोरात. आता लोकांना हवा तेवढा वेळ मिळाला होता. झालं उलटंच. पुस्तकं न्यायला पैसे पडत नव्हते, तरी वाचनालयातून जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली. वर्तमानपत्रं घेणारे कमी झाले. संशोधकांनी रस्त्यावरच्या लोकांच्या चालण्याचा वेगसुद्धा मोजला. पुरुष रेंगाळत, थांबत, पुन्हा थांबत चालायचे. बहुतेकांनी घड्याळ जवळ बाळगणंही सोडलं होतं. दिवसभरात काय केलं ते लिहून द्यायला सांगितलं, तर लिहिण्यासारखं दोन-तीन गोष्टींपलीकडे त्यांना काही आठवेना. बायका मात्र भरभर चालायच्या, कारण गिरणी बंद झाली म्हणून घरची चूल, धुणं आणि पोरं काही बंद झाली नव्हती.

या माणसांचं मन खचलं म्हणून गिरणी बंद पडली नव्हती. गिरणी बंद पडली म्हणून मन खचलं. आठ महिने अर्ज करून थकलेल्या मुलीला ‘तुझी एनर्जी लो वाटते’ असं सांगणारा माणूस ताप बघून थर्मामीटरला रागावतोय.

इथे कुणी म्हणेल, मनावर ताबा ठेवायला तर आपले संतही सांगतात आणि ग्रीक तत्त्वज्ञही. सांगतात, पण काय सांगतात ते नीट ऐकायला हवं. एपिक्टेटस गुलामीत जन्मला. पद, प्रतिष्ठा, दुसऱ्यानं घेतलेला निर्णय, या गोष्टी आपल्या हातात नाहीत, हा त्याच्या शिकवणुकीचा पायाच आहे. मन सांभाळ, कारण बाकीचं तुझ्या हातात नाही, असं तो म्हणतो. आजचा माइंडसेटवाला म्हणतो की मन सांभाळ, म्हणजे बाकीचं आपोआप हातात येईल. पहिल्यात माणसाची सुटका आहे. दुसऱ्यात तो आणखी एका परीक्षेला बसतो, आणि त्यातही नापास होऊ शकतो.

नवं वर्ष आणि नोकरी यांचा संबंध आपल्याकडे काही इंग्रजी कॅलेंडरनं आणलेला नाही. मराठवाड्यात सालगड्याचं वर्ष पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, खानदेशात सालदाराचं आखाजीपासून. धान्य किती, रोख किती, उचल किती, हे त्या सुमारास ठरतं. या व्यवहाराचं गुणगान मला करायचं नाही. घेतलेली उचल फिटत नाही म्हणून त्याच बांधावर पुन्हा वर्ष काढणं, यात गोड काही नाही. पण एक गोष्ट लक्षात येते. मालक त्याचे हातपाय वर्षभर विकत घेई. ‘तुला आमच्याच शेतात का राबायचंय, मनापासून सांग’ असं काही विचारत नसे. आज अठरा हजारांच्या नोकरीसाठी मुलाखतीत हाच प्रश्न येतो, आणि मुलं रात्री आरशासमोर उभी राहून कंपनीवरचं प्रेम पाठ करतात. श्रम विकण्यात कमीपणा नाही. पण प्रेमही त्याच पगारात मागणं मला अन्यायाचं वाटतं.

याच महाराष्ट्रानं एकदा वेगळा विचार केला होता. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ च्या सुमारास केलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिची गरज साऱ्या राज्याला कळली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं, तर सरकारनं पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाहीतर भत्ता द्यायचा. माती खणायचं, दगड फोडायचं काम, बी. कॉम. झालेल्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही, आणि अंमलबजावणीतल्या भानगडी सगळ्यांना ठाऊक आहेत. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यातलं गृहीतक. काम नसलेल्या माणसात काहीतरी खोट आहे, असं तो कायदा मानत नाही. काम करायला तयार आहेस ना, एवढंच विचारतो. पुढचा प्रश्न देणाऱ्याला.

म्हणून या जानेवारीत तुम्ही शोधात असाल, तर मन ताजं करायच्या मागे लागू नका. दिवसाला आकार द्या. मारिएंटालच्या पुरुषांचं घड्याळही सुटलं आणि पुस्तकही. दहा ते एक अर्ज, मग पोर्टल बंद. दुपारी वाचनालय किंवा मित्राचं दुकान, म्हणजे आपली वाट बघणारं कुणीतरी असेल अशी एखादी जागा. संध्याकाळी उदास वाटलं, तर वाटू द्या. आशावादी दिसणं हे तुमचं कुणाला देणं नाही.

देणं दुसऱ्या बाजूला आहे. तीन फेऱ्या घेऊन गप्प बसणाऱ्या एचआरनं नकाराची दोन ओळींची मेल पाठवावी. तेवढ्यानं एका घरातली महिनाभराची टांगणी सुटते. आणि आपल्यातल्या ज्यांना नोकरी आहे, त्यांनी संक्रांतीला तिळगूळ देताना ‘मग, झालं का कुठे?’ असं विचारू नये. ‘तुझा रिज्युमे पाठव, आमच्याकडे विचारतो’ म्हणावं. विचारावं. आणि उत्तर नाही असं आलं, तरी तेवढं सांगायला फोन करावा.