एकटा ध्रुव

चुंबकाचे कितीही तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला उत्तर आणि दक्षिण असे दोन ध्रुव असतातच. एकटा ध्रुव फक्त पुराणात. पण विश्व नुकतेच जन्मून रसरसत होते तेव्हा एकट्या ध्रुवाचे कण तयार झाले असावेत, असे काही शास्त्रज्ञांचे गणित आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी कोलारच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, प्रोटॉन फुटतो का हे पाहता पाहता याचीही वाट पाहिली. सोन्याच्या खाणीत उतरून सोने न शोधणारी माणसे! आला नाही. अमेरिकेत कॅब्रेरांच्या यंत्रावर मात्र १४ फेब्रुवारी १९८२ रोजी तशी खूण उमटली. एकदाच. त्यांनी ‘सापडला’ म्हटले नाही, खूण लपवलीही नाही.

त्यांची अडचण मला कळते. पुसदला एकदा रिक्षावाल्याने मागून हाक मारली, “साहेब, थांबा नं! दोन रुपये जास्त देऊन राहिले तुम्ही.”

घरी सांगितले. सौ. म्हणाली, “पुन्हा घडलं का कधी?”

नाही.

“मग तुमचाच हिशेब चुकला असेल.”

असेलही. पण पुसदला रिक्षातून उतरलो की मी अजून दहा पावले सावकाश चालतो.