रिकाम्या हाताची तिथी

2 जून 1932. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात पावसाने शेतांचा चिखल झाला होता, नांगर चालत नव्हता. हाताला काम नाही म्हणून जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकरी मॉन्टगोमेरी लेक या तळ्यावर गळ टाकायला गेला. त्या दिवशी त्याला लागलेला बास मासा 22 पौंड 4 औंस, म्हणजे दहा किलोंहून थोडा अधिक भरला. घरच्यांनी तो शिजवून खाल्ला, त्याचे वजन मात्र जागतिक विक्रम म्हणून नोंदले गेले. तब्बल 77 वर्षांनी, 2 जुलै 2009 रोजी, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याच्या तोडीचा बास पकडला. वजनातला फरक एका औंसाहूनही कमी होता, त्यामुळे नियमाप्रमाणे विक्रम मोडला असे न मानता बरोबरी मानली गेली.

या दोन दिवसांच्या तिथी मी पाहिल्या. पेरीचा दिवस अमावस्येच्या दोन दिवस आधीचा. कुरितांचा दिवस आषाढी एकादशीच्या आदल्या दिवसाचा, शुद्ध दशमीचा. एक मासा चंद्र संपत आलेला असताना लागला, दुसरा चंद्र भरत आलेला असताना. दोन माशांवरून सिद्धांत उभा राहत नाही आणि पडतही नाही. पण बास पकडणारे हौशी मासेमार पिढ्यान्‌पिढ्या ज्या प्रश्नावर वाद घालत आले आहेत, तो या दोन तारखांनी नेमका समोर येतो: चंद्राच्या कलेचा आणि मासा गळाला लागण्याचा खरोखर काही संबंध आहे का?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आपल्या किनाऱ्यावर तर चंद्राला विचारल्याशिवाय मासेमारीचे पान हलत नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर एका वयस्कर तांडेलाजवळ, म्हणजे होडीच्या प्रमुखाजवळ, बसलो असताना मी विचारले, उद्या होडी जाणार का. त्यांनी घड्याळ पाहिले नाही, मोबाईल पाहिला नाही. बोटांची पेरे मोजली आणि म्हणाले, “भाऊ, उद्या अष्टमी. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती. भांगाचं पाणी, ओढ नाही. जाळं मारून काय करू?”

या हिशेबामागे कोकण किनाऱ्याचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग तेवढीच सरकते, म्हणून हे गणित जमते. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते. अष्टमीला ते काटकोनात असतात, तेव्हा भांग. बोंबील आणि जवळा ज्या डोल जाळ्यात सापडतात, ते जाळे माशाचा पाठलाग करत नाही. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेली ती एक लांबलचक पिशवी असते. तिचे तोंड प्रवाहाकडे असते आणि प्रवाहच मासा आत आणून सोडतो. ओढ नसेल तर पिशवी भरत नाही. इथे चंद्राचा परिणाम डोळ्यांना दिसतो, हाताला जाणवतो, बाजारात त्याचा भाव ठरतो.

पण इथे चंद्राने माशाच्या मनात काहीही केलेले नाही. त्याने पाणी हलवले, पाण्याने मासा हलवला. या साखळीतली प्रत्येक कडी दाखवता येते. म्हणूनच “चंद्राचा परिणाम होतो का?” हा प्रश्न मला अपुरा वाटतो. विचारायचे ते असे: कोणत्या पाण्यात, कोणत्या माशावर, कोणत्या वाटेने?

अमेरिकेत जॉन ऑल्डन नाईट यांनी 1926 मध्ये या विषयाचा पिच्छा पुरवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या मनातली शंका रास्त होती. समुद्रातला मासा भरती-ओहोटीप्रमाणे खायला निघतो, मग तळ्यातल्या माशालाही तशी काही हाक ऐकू येत असेल का? चंद्र डोक्यावर किंवा बरोबर पायाखाली असताना माशाच्या खाण्याचा मोठा काळ, उगवता-मावळताना छोटा काळ, अशी मांडणी त्यांनी केली आणि 1936 पासून त्याची कोष्टके छापली. ‘सोल्युनार’ नावाने ती आजही चालतात. आता ती मोबाईलवरही मिळतात.

अडचण वाटेची आहे. उत्तर अमेरिकेतली ग्रेट लेक्स ही सरोवरे समुद्रासारखी अफाट, तरी तिथली चंद्राची भरती पाच सेंटिमीटरही भरत नाही. वारा आणि हवेचा दाब याहून कितीतरी जास्त पाणी वरखाली करतात. मग बासच्या छोट्या तळ्यात काय उरणार? भरती आणणारे चंद्राचे बळ पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक कोट्यंश आहे. मासा वीतभर खाली गेला तरी त्याच्या अंगावरचा दाब त्याच्या कितीतरी पट बदलतो. महासागराच्या पसाऱ्यात ते बळ साठत जाते आणि उधाण होते, तळ्यात त्याला साठायला जागाच नाही.

ओढीखेरीज चंद्राकडे दुसरे एक साधन आहे, उजेड. ही वाट गोड्या पाण्यातही मोकळी आहे. मोझांबिकमध्ये झांबेझी नदीवर काहोरा बासा नावाचे मोठे धरण आहे. तिथल्या जलाशयावर पोलंडचे शास्त्रज्ञ ग्लिविच यांनी 1986 मध्ये लिहिलेला निबंध या विषयातला मला सर्वांत सुंदर पुरावा वाटतो. पाण्यातले सूक्ष्म प्राणी दिवसा खोलवर दडून असतात आणि अंधार पडला की वर येतात, कारण अंधारात मासा त्यांना पाहू शकत नाही. पौर्णिमेनंतरच्या रात्री सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये काळोखाचा एक तुकडा असतो. हे जीव त्या काळोखावर विसंबून वर येतात. तेवढ्यात चंद्र उगवतो आणि ते उघड्यावर सापडतात. तिथल्या छोट्या सार्डिन माशांची मेजवानी होते. दर महिन्याला या जिवांची संख्या त्यामुळे घसरते आणि अंधाऱ्या रात्री आल्या की पुन्हा सावरते. ग्लिविच यांनी याला चंद्राचा सापळा म्हटले. भरती नसलेल्या पाण्यात, निव्वळ चांदण्याने, माशाच्या पोटापर्यंत पोचलेला हा चंद्र आहे.

तिसरी वाट वंशवाढीची. कॅलिफोर्नियाचा ग्रुनियन मासा अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या तीन-चार रात्री उधाणाच्या लाटेवर स्वार होऊन वाळूत अंडी पुरायला येतो. पुढच्या उधाणाचे पाणी त्या वाळूपर्यंत पोचले की अंडी फुटतात. बांगलादेश ऑक्टोबरमध्ये आश्विन पौर्णिमेच्या आगेमागे 22 दिवस हिलसा पकडण्यावर बंदी घालतो, कारण हिलसा तेव्हा अंडी घालायला नदीत शिरतो. कॅरिबियन समुद्रातला नासाऊ ग्रूपर, म्हणजे आपल्या हेकरूचा भाऊबंद, हिवाळ्यातल्या पौर्णिमेला ठरलेल्या जागी हजारोंनी जमतो. मासेमारांना ती तिथी आणि ती जागा कळली, आणि अनेक ठिकाणचे हे मेळे कायमचे ओस पडले. चंद्राचे ज्ञान खरे असले की ते किती धारदार असते, हे त्या ओस जागा सांगतात.

आता बासकडे येऊ. हा दबा धरून झडप घालणारा मासा. डोळ्यांवर आणि अंगाच्या कडेने जाणाऱ्या, पाण्याची थरथर टिपणाऱ्या संवेदनरेषेवर त्याची भिस्त. त्याचे रक्त थंड, त्यामुळे भूक पाण्याच्या तापमानावर चालते. वसंतात पाणी पंधरा-सोळा अंशांच्या वर गेले की नर तळाशी घरटे साफ करतो आणि अंडी-पिल्ले राखत बसतो. पौर्णिमेचा संकेत त्यात असला तरी पहिला शब्द उबेचा आहे. रात्री गळ टाकणाऱ्याला चांदण्याचा फरक जाणवणे शक्य आहे, कारण दिसण्या-न दिसण्यावर तिथे सगळे ठरते. पौर्णिमेच्या चंद्राहून सूर्य सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. भर दुपारच्या तळ्यात चंद्राच्या उजेडाला काही काम उरत नाही.

बासचाच नव्हे, पण त्याच्यासारख्याच गोड्या पाण्यातल्या एका शिकारी माशाचा मोठा हिशेब उपलब्ध आहे. मस्कीलंज हा उत्तर अमेरिकेतला मासा. मासेमारांनी नोंदवलेले सुमारे 3 लाख 42 हजार मस्कीलंज तपासून दोन संशोधकांनी 2014 मध्ये निष्कर्ष छापला. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास मासे खरोखरच जास्त लागले होते. किती जास्त? सर्वांत चांगल्या तिथीलाच जाणाऱ्याला, कोणत्याही दिवशी जाणाऱ्यापेक्षा सरासरी पाच टक्के. काही सरोवरांत आणि रात्रीच्या वेळी फरक याहून मोठा होता. पण त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. एका सरोवरावर त्या तिथींना माणसांची मासेमारीही वाढलेली दिसली. म्हणून हा सगळा परिणाम माशाच्या वागण्याचा आहे असे म्हणता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. कोष्टकावर विश्वास ठेवून जास्त माणसे गेली, जास्त वेळ थांबली, जास्त मासे घेऊन आली, तर कोष्टक आपोआप खरे ठरते.

मला या सगळ्या विषयाचे मर्म इथे सापडते. तांडेलाची तिथी आणि बास मासेमाराचे कोष्टक दोन्ही चंद्रावरच उभे आहेत, पण एकाला ज्ञान म्हणावे लागते आणि दुसऱ्याला अजून तरी समजूत. तांडेलाची चूक समुद्र त्याच दिवशी दाखवतो: भरतीची वेळ चुकली तर होडी गाळात बसते, ओढ चुकली तर जाळे रिकामे येते, डिझेलचे पैसे बुडतात. अशी शेकडो वर्षे घासून-पुसून ती पाऊणपट तयार झाली आहे. तळे असे काही सांगत नाही. पौर्णिमेला मोठा मासा लागला की तो चंद्रासकट आठवणीत राहतो. पौर्णिमेलाच रिकाम्या हाताने परतलो, तर वारा वाईट होता, पाणी गढूळ होते, आमिष चुकले असे म्हणून तो दिवस आपण सोडून देतो.

अशीच वजाबाकी आपण मुहूर्तांच्या बाबतीत करतो, औषधांच्या बाबतीत करतो, माणसांच्या पारखीत करतो. लागलेले मासे मोजतो, न लागलेले विसरतो. आपल्या पूर्वजांनी आकाश पाहून भरतीचा हिशेब बसवला, ही माझ्या दृष्टीने मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे. पण तो अभिमान पुराव्याचा आहे. चंद्राचे नाव लागले म्हणून प्रत्येक हिशेब त्या तोलाचा होत नाही, आणि एक हिशेब कच्चा निघाला म्हणून चंद्राचे सगळेच खोटे ठरत नाही.

म्हणून बासच्या प्रश्नावर माझे मत असे: भर दिवसा, भरती नसलेल्या तळ्यात, चंद्राच्या कलेवर दिवस ठरवण्याइतका आधार आज हाती नाही. रात्री चांदण्याचा थोडा परिणाम संभवतो. पाण्याची ऊब, उजेड आणि पहाट-संध्याकाळची वेळ यांना आधी विचारावे. आणि तुम्ही धरणावर, नदीवर, खाडीवर गळ टाकायला जात असाल, तर एक वही करा. मासा लागला त्या दिवसाची तिथी तुम्ही लिहालच. रिकाम्या हाताने परतलात, त्या दिवसाचीही लिहा.