डब्यातला गजर

विरारला थांबणारी पश्चिम रेल्वेची लोकल १६ एप्रिल २०१३ पासून पुढे डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली. चर्चगेटपासून हे अंतर सुमारे १२४ किलोमीटर. चिकूच्या वाड्यांच्या या किनारी गावातून मुंबईत कामाला जाणाऱ्याचा दिवसातला मोठा भाग गाडीतच सरतो. या वेळेत कुणी पत्ते कुटतं, कुणी पेंगतं. आणि मुंबईच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षं चालत आलंय तसं, एखाद्या डब्यात पिशवीतून टाळ निघतात.

हा गजर भक्ती की उपद्रव?

भजनी मंडळींची बाजू कच्ची नाही. नामस्मरणाला स्थळकाळाचं बंधन नाही, ही वारकरी परंपरेची मूळ शिकवण. सावता माळ्याला विठ्ठल अरणच्या मळ्यात भेटला, जनाबाईला जात्यापाशी. मग बोईसर-पालघरच्या दरम्यान का भेटू नये? शिवाय कारकून, फिटर, शिपाई एका सुरात गातात. तिथे कुणी कुणाचा हुद्दा विचारत नाही. दसऱ्याच्या सुमारास प्रवासी डब्याला झेंडूची तोरणं बांधतात, पूजा करतात. खंडेनवमीला हत्यारं पुजणाऱ्या समाजात पोटापाण्याला नेणारी गाडीही पुजली जाणारच.

पण संतांनी नाम देवळाबाहेर आणलं ते कुणासाठी, हेही पाहायला हवं. चोखामेळ्याला देवळात प्रवेश नव्हता. त्याची समाधी आजही पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. ज्याला आत येऊ दिलं जात नव्हतं, त्याच्यासाठी ती मोकळीक होती. गच्च भरलेल्या लोकलमध्ये गोष्ट नेमकी उलटी होते: ज्याला ऐकायचं नाही, त्याला बाहेर जाता येत नाही. तो दुसऱ्या धर्माचा असेल, नास्तिक असेल किंवा नुसताच दमलेला असेल.

कायद्याने यावर विचार केला आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ चं कलम १४५ गाडीतल्या उपद्रवाला दंडनीय ठरवतं. चेन्नईतल्या एका चर्चच्या ध्वनिवर्धकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटलं, की इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करा, असं कोणताही धर्म सांगत नाही.

कानात इअरफोन घालून हरिपाठ ऐकणं हा सोपा तोडगा वाटतो. पण वारकऱ्यांचं भजन एकट्याचं नसतंच. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलून धरायचं. संगत काढून घेतली तर त्यातलं बरंच काही जातं. म्हणून ‘गाऊच नका’ हे उत्तर अपुरं आहे आणि ‘देवाचंच तर नाव घेतोय’ हेही.

तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करून बोईसरला चढलेला कामगार खिडकीला डोकं टेकतो. त्याच्या शेजारी टाळ वाजवायचा की नाही, हे रेल्वे पोलीस येण्याआधी मंडळालाच ठरवायचं असतं. शेजारच्या सीटवर सभासदासाठी टाकलेला रुमाल उचलून उभ्या म्हाताऱ्याला बसवायचं की नाही, हेसुद्धा.