एकीने सोसायचे की तिघांनी

बोस्टनमधल्या एका रंग-कारखानदाराच्या दोन मुली. धाकटी आयरीन देखणी. थोरली पेनेलपी दिसायला साधी, वाचणारी, बोलण्यात तिरकस. घरी येऊ लागलेला टॉम कोरी धाकटीसाठीच येतो, असे सगळे घर धरून चालते, स्वतः आयरीनसुद्धा. त्याने सहज हातात दिलेला पाइन लाकडाचा एक छिलका तिने रिबीन बांधून जपून ठेवला आहे. आणि एक दिवस टॉम मागणी घालतो ती थोरलीला. पेनेलपीलाही तो आवडत असतो, पण ती त्याला परत पाठवते.

विल्यम डीन हॉवेल्सची ‘द राइज ऑफ सिलास लॅफम’ ही 1885 ची कादंबरी मी एका तालुक्याच्या कॉलेजात एम.ए.च्या वर्गाला बरीच वर्षे शिकवली. इथवर आले की मी पुस्तक मिटायला सांगत असे आणि पुढे काय व्हावे ते विचारत असे. उत्तर बहुधा ठरलेले असे: थोरलीने बाजूला व्हावे. “मॅडम, सख्ख्या बहिणीचं मन मोडून कोण सुखी होईल?” हे म्हणणाऱ्या मुली मूर्ख नव्हत्या. त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाने आणि मालिकेने त्यांना हेच शिकवले होते, आणि घरीही बहुतेकींना हेच शिकवले गेले होते.

हॉवेल्स त्या आईबापांना एका धर्मगुरूकडे पाठवतो. स्यूएल नावाचा हा माणूस उपदेश करत नाही, हिशेब मांडतो. पेनेलपीने नकार दिला तर ती दुःखी, टॉम दुःखी, आणि टॉम आपला नव्हताच हे कळल्यावर आयरीनही दुःखी. होकार दिला तर दुःख एकीच्याच वाट्याला. दोष कुणाचाच नसेल, तर तिघांनी सोसण्यापेक्षा एकीने सोसावे. दुसरा मार्ग आपल्याला थोर का वाटतो? तर खोट्या कादंबऱ्यांनी आपली बुद्धी बिघडवली आहे म्हणून, असे तो स्वच्छ सांगतो. त्याआधीच्या मेजवानीच्या प्रसंगात अशाच एका रडवणाऱ्या कादंबरीची टिंगल होऊन गेलेली असते. म्हणजे बाजारात खपणाऱ्या कादंबरीवरची टीका हॉवेल्सने आपल्या कादंबरीच्या कथानकातच ओवली. आयरीन काय करते? तो छिलका आणि बाकीच्या जपलेल्या वस्तू आणून बहिणीपुढे टाकते, दुसऱ्या दिवशी आईबरोबर गावाकडच्या शेतावर निघून जाते, आणि जगते. झुरून मरत नाही. वर्गाला हे नेहमी थोडे कमी पडल्यासारखे वाटे.

अमेरिकेत वास्तववाद आला तो सिद्धान्त म्हणून नव्हे, तर दुःखाच्या या नव्या हिशेबाच्या रूपाने, असे मला वाटते. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. 1869 मध्ये लोहमार्गाने देशाची दोन टोके जोडली. त्या मुलींच्या बापासारखे, लॅफमसारखे शेतकरी कारखानदार झाले, बोस्टनच्या जुन्या घराण्यांशेजारी घर बांधण्याची स्वप्ने पाहू लागले. तोही युद्धातून परतलेला कर्नल आहे, पायात गोळी वागवतो, आणि त्याला वाचवताना मेलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला गुपचूप पोसतो. अशा माणसांना शौर्याच्या आणि त्यागाच्या जुन्या गोष्टी पुरणार नव्हत्या. पुस्तकांची खुळे मात्र इतक्या सहज उतरत नाहीत. मार्क ट्वेन तर दक्षिणेच्या सरंजामी अहंकाराचे बरेचसे खापर सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवर फोडत असे. यात अतिशयोक्ती आहे, पण मला ती आवडते.

हॉवेल्स स्वतः ओहायोतल्या छापखानेवाल्याचा मुलगा. शाळेत फारसा गेला नाही, लहानपणापासून खिळे जुळवले. 1860 मध्ये लिंकनचे प्रचारचरित्र लिहिले, त्या बळावर व्हेनिसमध्ये वकिलातीची नोकरी मिळाली, आणि परतल्यावर 1871 मध्ये चौतिसाव्या वर्षी तो ‘अटलांटिक मंथली’चा संपादक झाला. बोस्टनच्या साहित्यिक उच्चभ्रूंचे हे मासिक, आणि त्याच्या खुर्चीत बाहेरगावचा माणूस. लॅफम मेजवानीला हातमोजे घालून जातो आणि इतरांच्या हातात ते नाहीत हे पाहून घाईने काढतो. हे लिहिणाऱ्याला ती लाज ठाऊक होती.

याच मासिकात नोव्हेंबर 1874 मध्ये ट्वेनची ‘अ ट्रू स्टोरी’ आली. एल्मायराजवळच्या क्वारी फार्मवर ट्वेनच्या मेहुणीकडे स्वयंपाक करणाऱ्या मेरी ॲन कॉर्ड या एकेकाळच्या गुलाम बाईने सांगितलेली हकिगत. गोष्टीत ती आंट रेचल होते. तू सदा हसतीखेळती असतेस, तुला आयुष्यात काही दुःख झालेच नाही वाटते, असे मालक तिला विचारतो. ती सांगू लागते: नवरा आणि सातही मुले लिलावात कशी विकली गेली, आणि धाकटा हेन्री युद्धात उत्तरेच्या सैन्याबरोबर आलेला पुन्हा कसा भेटला. सुरुवातीला ती मालकाच्या पायरीखाली बसलेली असते; सांगता सांगता उभी राहते, आणि मालक खाली राहतो. ट्वेनने तिची बोली व्याकरणात बसवली नाही, हॉवेल्सने ती तशीच छापली. अकरा वर्षांनी हकलबरी फिन आपल्या अशुद्ध इंग्रजीत अख्खी कादंबरी सांगू शकला, त्याची वाट या स्वयंपाकघरातूनही गेली असावी, असे मी मानते. फेब्रुवारी 1885 च्या ‘सेंच्युरी’ मासिकाच्या एकाच अंकात लॅफमचे प्रकरण, हक फिनचा उतारा आणि हेन्री जेम्सच्या ‘द बोस्टोनियन्स’चा पहिला हप्ता होता. इतका भाग्यवान अंक मला दुसरा माहीत नाही.

मुलगा बोस्टनला नोकरीला लागल्यावर आम्हीही इतर मराठी आईबापांसारखे उन्हाळ्यात तिकडे गेलो, आणि मी बीकन स्ट्रीट पाहायचा हट्ट धरला. हा बॅक बे भाग नदीकाठच्या दलदलीत भर घालून तयार केलेला. लॅफम आपले नवे घर याच रस्त्याच्या पाण्याकडच्या बाजूला बांधतो. विम्याची मुदत संपून आठवडा झालेला असताना ते घर त्याच्याच हातून जळते. हॉवेल्सनेही 1884 मध्ये इथेच घर घेतले, 302 क्रमांकाचे. विटांच्या त्या रांगांकडे पाहताना मला त्याचे वडिलांना लिहिलेले त्याच उन्हाळ्यातले एक पत्र आठवत होते. श्रीमंत लोक हवापालटाला गेलेले, मैलभर प्रशस्त घरे रिकामी, आणि जवळच्या गरीब वस्त्यांत माणसे उकाड्यात कोंडलेली, हे त्याने त्यात नोंदवले आहे. मात्र कादंबरीत या वस्त्या जेमतेम डोकावतात. लॅफमच्या रंगाच्या कारखान्यात रंग आहे, पिंपे आहेत, पण मजूर जवळपास नाहीत.

हे माहीत असूनही त्याने 1886 मध्ये एक वाक्य लिहिले, आणि ते त्याला जन्मभर चिकटले: अमेरिकन कादंबरीकाराने आयुष्याच्या हसऱ्या बाजूंकडे पाहावे, कारण अमेरिकेच्या दृष्टीने त्याच अधिक खऱ्या आहेत, अशा अर्थाचे. त्याच वर्षी मे महिन्यात शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत बाँब फुटला होता. तो कुणी टाकला हे सिद्ध झाले नाही, तरी आठ अराजकवादी दोषी ठरले, सात जणांना फाशी सुनावली गेली. म्हणजे त्यांची मते हाच त्यांचा गुन्हा ठरला. हॉवेल्सने ओळखीच्या मान्यवरांना विनवले; त्यांची साथ मिळाली नाही. शेवटी नोव्हेंबर 1887 मध्ये त्याने एकट्याने आपल्या सहीने ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’मध्ये दयेची मागणी केली. वर्तमानपत्रे त्याच्यावर तुटून पडली. 11 नोव्हेंबरला चौघांना फाशी दिले गेले. या काळात तो हार्पर्सच्या मासिकात पगारी स्तंभ लिहीत होता. नोकरी जाण्याची भीती खरी होती. संपादकाच्या खुर्चीतून वास्तवाचा आग्रह धरणे आणि ते वास्तव अंगावर घेणे यांत किती अंतर असते, ते इथे मोजता येते. पुढे निवृत्तीपर्यंत मी त्या ‘हसऱ्या’ वाक्याची थट्टा करणाऱ्या समीक्षकांना त्याचे ‘ट्रिब्यून’मधले पत्रही वाचा, असेच म्हणत आले.

आणि खरे तर मजुरांचे दुःख ‘अटलांटिक’मध्ये हॉवेल्सच्याही आधी येऊन गेले होते. एप्रिल 1861 मध्ये, युद्ध पेटले त्याच महिन्यात, रिबेका हार्डिंग डेव्हिसची ‘लाइफ इन द आयर्न मिल्स’ निनावी छापली गेली. व्हीलिंगची धुराने काळवंडलेली भट्टीगल्ली, फुरसतीत धातूच्या मळीतून भुकेल्या बाईची मूर्ती कोरणारा मजूर, आणि ती पाहायला आलेले, चर्चा करून निघून जाणारे सुशिक्षित पाहुणे. कथेला तेव्हा वाहवा मिळाली, आणि नंतर ती इतकी विसरली गेली की 1972 मध्ये टिली ओल्सेनच्या पुढाकाराने ती पुन्हा छापावी लागली. त्यामुळे वास्तववादाचा ‘उदय’ म्हटले की मला जरा हसू येते. उगवलेले पुष्कळ असते; ते कुणाच्या अंगणात उगवले यावर नोंद ठरते.

शिकागोच्या त्या फाशीनंतरचा हॉवेल्स ‘अ हॅजर्ड ऑफ न्यू फॉर्च्यून्स’मध्ये भेटतो, 1890 च्या. बोस्टन सोडून न्यू यॉर्कला आलेले मार्च नावाचे मध्यमवर्गीय जोडपे पहिली कितीतरी पाने फ्लॅट शोधत हिंडते. ज्याने मुंबईत भाड्याने घर शोधले आहे त्याला ती वाचताना हसू आवरणार नाही. हिंडताना गरीब वस्त्या दिसतात; नवराबायकोला त्या चित्रासारख्या सुंदर वाटतात, मग त्याची थोडी लाज वाटते, मग भूक लागते. पुढे ट्रामवाल्यांचा संप होतो, आणि त्यात एका कोट्यधीशाचा सज्जन मुलगा गोळी लागून मरतो. या मरणाने संप मिटत नाही, बाप धड सुधारत नाही, मार्च जोडप्याचे चालले आहे तसेच चालते. स्यूएलसारखा हिशेब मांडून देणारा कुणी या पुस्तकात नाही. कुणी किती सोसले याची बेरीज जमतच नाही. कादंबरी शेवटाकडे विस्कटते, हे समीक्षकांचे म्हणणे मला मान्य आहे. शिकवायला लॅफम सोयीचा. घरी कपाटातून मी काढते ते हे पुस्तक.