पाणबुड्याचे घड्याळ

माणसाने छंद करावा तो निदान आपल्या गावाला शोभेल असा तरी करावा. कोकणातल्या माणसाने शंख-शिंपले जमवले तर कुणी हसत नाही. आमच्या वसमतकडच्या एखाद्याने हळदीच्या जाती जमवल्या तर लोक त्याला अभ्यासू म्हणतात. मला मात्र हिंगोलीत राहून पाणबुड्यांच्या घड्याळांचं वेड लागलं. नकाशावर सरळ रेघ मारली तरी आमच्यापासून समुद्र साडेचारशे किलोमीटर लांब. राहता राहिली आमची कयाधू. ती उन्हाळ्यात अशी आटते की तिच्यात बुडायचं म्हटलं तर आधी आडवं व्हावं लागतं.

आता हे वेड मला उपजत नव्हतं. माझ्या लग्नात सासऱ्यांनी मला एचएमटीचं 'जनता' घड्याळ दिलं. दिलं म्हणजे मी रुसलो म्हणून दिलं, हेही सांगून टाकतो, कारण हा लेख प्रामाणिकपणाबद्दलच आहे. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं या देशातला बहुतेक प्रत्येक जावई त्याच कंपनीच्या वेळेवर चालला. रोज सकाळी चावी द्यायची, रात्री उशाशी ठेवायचं आणि पाण्यापासून जपायचं. हात धुवायचे तर आधी घड्याळ काढायचं. पाऊस आला तर आधी घड्याळ खिशात आणि मग डोक्यावर रुमाल. डोकं भिजलं तर पुसता येतं, घड्याळ भिजलं की घडीसाजाकडे जावं लागतं, आणि आमच्या गल्लीतला घडीसाज डोळ्याला भिंग लावून घड्याळापेक्षा गिऱ्हाइकाकडेच जास्त बघत असे.

पुढे २०१६ साली सरकारने एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायचं ठरवलं, तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं आणि मी जुनी एचएमटी जमवू लागलो. आज माझ्याकडे चाळीस आहेत. त्यातली अकरा चालतात आणि अकराही वेगवेगळी वेळ दाखवतात.

एक्केचाळिसावं घड्याळ मात्र स्विस. पाणबुड्याचं. तीनशे मीटर खोल पाण्यातही काही होणार नाही अशी त्याची हमी. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा घेतलं. किंमत इथे सांगता येत नाही, कारण सौ. माझे लेख वाचते, आणि तिला मी जो आकडा सांगितला आहे तोही इथे देता येत नाही, कारण तुम्ही तो दुकानात जाऊन ताडून पाहाल.

वाचकहो, हे घड्याळ म्हणजे चीज काय असते ते थोडं ऐका. १९५३ साली ब्लाँपां कंपनीने 'फिफ्टी फॅदम्स' नावाचं घड्याळ काढलं आणि त्याच सुमाराला रोलेक्सचं 'सबमरिनर' आलं. फॅदम म्हणजे काही तरी परदेशी भानगड आहे असं समजू नका. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत जे अंतर होतं ते, म्हणजे आपली 'वाव'. आपण दोर वावेने मोजतो, साहेब समुद्र मोजतो. पन्नास वाव म्हणजे सुमारे एक्क्याण्णव मीटर. या घड्याळाची चावी मळसूत्राने घट्ट बसते, काट्यांना अंधारात चमकणारं रेडियम असतं (खरं रेडियम केव्हाच गेलं, पण शब्द काही आपण सोडला नाही), आणि तबकडीभोवती एक फिरतं कडं असतं. पाणबुड्या उडी मारताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यापाशी आणतो, म्हणजे पाण्याखाली किती वेळ गेला ते दिसत राहतं. गंमत पुढेच आहे. हे कडं एकाच बाजूला फिरतं. चुकून धक्का लागला तर गेलेला वेळ जास्तच दाखवील, कमी कधीच नाही. पाणबुड्या फार तर लवकर वर येईल, पण हवा संपेपर्यंत खाली राहणार नाही. चूक झालीच तर ती माणसाचा जीव वाचवणारीच व्हावी, असा विचार एका लोखंडी कड्यात घालणाऱ्या माणसाला मी मनोमन नमस्कार करतो.

आमच्या औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं अशी कथा आहे. तेही एकाच बाजूला फिरलं आणि तसंच राहिलं. तेव्हा कडं एकाच बाजूला फिरण्याचं आम्हा हिंगोलीकरांना फारसं नवल नाही.

पण अलीकडे जी नवीन घड्याळं निघताहेत त्यांच्याबद्दल संग्राहक म्हणून माझं मत विचाराल, तर मला जरा चिंता वाटते. पाठीवर हवेची टाकी घेऊन आजवर माणूस जास्तीत जास्त खोल गेला तो ३३२ मीटर. हा विक्रम इजिप्तच्या अहमद गब्र यांनी २०१४ साली तांबड्या समुद्रात केला. खाली जायला काही मिनिटं लागली आणि जिवंत वर यायला जवळजवळ चौदा तास. म्हणजे माणसाची मजल एवढी. आणि घड्याळाची? २०२२ साली रोलेक्सने 'डीपसी चॅलेंज' बाजारात आणलं. ते अकरा हजार मीटरपर्यंत चालतं. पृथ्वीवरचा सर्वांत खोल समुद्र जवळपास तेवढाच आहे, म्हणून थांबले; नाही तर आणखी खणलं असतं. २०२४ साली त्याच घराण्यातलं ३९०० मीटरवालं 'डीपसी' अठरा कॅरट सोन्यात आलं. वजन तीनशे ग्रॅमच्या वर, किंमत पन्नास हजार डॉलरच्या वर. एवढं सोनं मनगटावर बांधून माणूस समुद्रात उतरला तर तो बुडेल कसा हा प्रश्नच नाही, वर येईल कसा हा प्रश्न आहे. ३९०० मीटरवर मालक केव्हाच कैलासवासी झालेला असणार. घड्याळ मात्र त्याच्या मनगटावर बिनचूक टिकटिकत राहील. कुणासाठी, देव जाणे.

असं मी बोललो की आमचे मेहुणे मला पकडतात. "भाऊजी, तुमचं तीनशे मीटरवालं तरी कुणासाठी? तुम्ही तर आंघोळसुद्धा बादलीने करता!"

यावर मी एक सिद्धान्त तयार ठेवला होता. सामर्थ्य हे वापरण्यासाठी नसतं, असण्यासाठी असतं. घरात विमा असतो, म्हणून कुणी मरून पाहतं का? इथून पंचवीसएक किलोमीटरवर औंढ्याजवळ 'लायगो' उभारायचं चाललं आहे. २०२३ साली केंद्राने २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्या मोजणार काय, तर प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल! तिथे कुणी विचारतं का, की एवढं बारीक मोजून हळदीचा भाव वाढणार आहे का?

मेहुणे म्हणाले, "पण ते मोजणार आहेत ना? तुम्ही मोजता कधी?"

सिद्धान्ताचं असंच असतं. मेहुण्यांच्या हाती तो फार वेळ टिकत नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं ते सांगतो. गेल्या फाल्गुनात आमच्या मळ्यात हळद काढणं चालू होतं. मजुरांची लेकरं बांधावर खेळत होती. मळ्यातली विहीर जुनी, मोटेच्या काळातली, सात परस खोल. त्या दिवसांत पाणी तीन परस असेल. मी विहिरीच्या एका अंगाला लिंबाखाली बसलो होतो आणि दुसऱ्या अंगाला आमचे सालदार पाइप दुरुस्त करत होते. दोघांमध्ये विहीर. तेवढ्यात सात-आठ वर्षांचं एक पोर पाण्याचा डबा बुडवायला वाकलं आणि डब्यासकट आत गेलं.

मी पोहतो. तरुणपणी याच विहिरीत मी मुटके मारले आहेत. मी धावलो, काठाशी पोचलो, आणि घड्याळ काढलं.

तीनशे मीटरचं घड्याळ. विहिरीत पाणी तीन परस. मी चामड्याच्या पट्ट्याचा चाप उघडला, घड्याळ काढलं, दगडावर ठेवलं, तेही तबकडी वर करून, ओरखडा पडू नये म्हणून, आणि मग उडी मारली. मला वाटतं तीनएक सेकंद गेले असतील. मी पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा सालदारांनी पोराला काखेत घेऊन पायऱ्या गाठल्या होत्या. पाण्यात वाचवण्याजोगं असं आता मीच तेवढा उरलो होतो. अडुसष्टाव्या वर्षी मला वर घ्यायला दोन माणसं आणि एक दोर लागला.

पोर सुखरूप होतं. थोडं पाणी ओकलं, आईच्या दोन चापट्या खाल्ल्या आणि डबा राहिला म्हणून रडू लागलं.

गावात ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली. "आम्ही दोघांनी उड्या मारल्या," असं सांगितलं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलायला हुशारी लागत नाही; खरं बोलून फसवायचं तर मात्र माणूस शिकलेला असावा लागतो.

घरी सौ.ला मात्र सगळं सांगितलं. सांगून वर म्हटलं, "अगं, सवय! चाळीस वर्षं एचएमटी वापरलं. पाणी दिसलं की हात आपोआप पट्ट्याकडे जातो. किमतीचा विचारसुद्धा मनात आला नाही."

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "सवयच होती, तर मग शर्ट कसा नाही काढला?"

वाचकहो, विहिरीत उतरताना आधी शर्ट काढायची सवय तर मला एचएमटीच्याही आधीची, लहानपणापासूनची. त्या दिवशी ती सवय विसरली. घड्याळाची विसरली नाही.

सालदारांच्या हातावरही घड्याळ होतं. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात दोनशे रुपयांना घेतलेलं, आकडे दिसणारं. पाण्याशी त्याचा कसलाच करार नव्हता. ते बंद पडलं. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझं घड्याळ त्यांच्या हाती दिलं. म्हटलं, हे आजपासून तुमचं. ते नको नको म्हणत होते, पण मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री मला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

त्यांना मात्र लागली नाही. सकाळी कोंबडा आरवायच्या आधी घड्याळ फडक्यात गुंडाळून दारात उभे. "मालक, हे घ्या तुमचं. आदी उशाला ठिवलं, मग डब्यात ठिवलं, मग कणगीत ठिवलं. म्हातारी म्हनली, चोर यील. रातभर मी आन् कुत्रं, दोघंबी जागेच. माझं हाय की चांगलं. तांदळात ठिवलं तं चालू झालं बगा."

पाहिलं तर खरंच चालत होतं. फक्त वाराच्या जागी सोमवार असूनही बुधवार दिसत होता. मी दाखवून दिलं. ते म्हणाले, "वार तं ठाऊकच आसतो, मालक."

त्या दिवसापासून माझा मूळ सिद्धान्त मी मागे घेतला आहे. पाणबुड्याचं घड्याळ ज्यांनी पहिल्यांदा घडवलं, त्यांनी ते एवढ्यासाठी घडवलं की माणसाला घड्याळाची चिंता राहू नये. त्याने बेलाशक उडी मारावी. पाणी, अंधार, धक्का, सगळ्याचा बंदोबस्त घड्याळात आहे. एकाच गोष्टीचा बंदोबस्त त्यात नाही, तो म्हणजे किंमत. जितके मीटर वाढतात तितकी किंमत वाढते, आणि किंमत वाढते तितका मालक पाण्यापासून लांब सरकतो. अकरा हजार मीटरचं घड्याळ बांधलेला माणूस बहुधा वॉश बेसिनपाशीही जपूनच हात धूत असेल. घड्याळाला भय नाही, पण ते सगळं भय मालकाच्या अंगात उतरतं. तसं पाहिलं तर ही गत घड्याळाचीच नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेले काचेचे पेले, ट्रंकेतला शालू, बैठकीतला न बसण्याचा सोफा, ही सगळी आमच्या घरातली पाणबुड्याची घड्याळंच आहेत. आपण वस्तू घेतो ती आपल्याला सांभाळण्यासाठी, आणि घेतल्या दिवसापासून तिला सांभाळण्यात आपली नेमणूक होते.

घड्याळ मी विकलेलं नाही. तेवढा मी सुधारलो नाही. पण हल्ली दर रविवारी ते हातावर ठेवून विहिरीत उतरतो. पहिल्या रविवारी दगडावर घासून काचेच्या कडेला एक ओरखडा पडला. दिवसभर जेवण गेलं नाही. तिसऱ्या रविवारी दुसरा पडला, तेव्हा दोन घास कमी गेले. ही प्रगती समजायची की नाही, ते तुम्ही ठरवा. पुन्हा तशी वेळ आली तर हात आधी कुठे जाईल, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

परवा मेहुणे आले होते. घड्याळाकडे पाहून म्हणाले, "भाऊजी, ओरखडे पडले तरी वेळ कशी, बरोबर दाखवतं ना?"

म्हटलं, "स्विस घड्याळ आहे. एक सेकंद इकडचा तिकडे होत नाही."

त्या दिवशी दगडावर पडल्या पडल्या ते तीन सेकंदही त्याने बरोबरच मोजले असणार.