गेज ड्रॉवरमध्ये ठेवलं तेव्हा

तो मुलगा यायच्या दहा मिनिटं आधी मी गॅरेजमधलं टेबल आवरलं. पाने डब्यात टाकले, तेलकट चिंध्या कचऱ्यात टाकल्या आणि कॉम्प्रेशन गेज उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं. कोणी विचारलं असतं, तर 'गिऱ्हाईक येतंय म्हणून आवराआवर' असं म्हणालो असतो. पण स्क्रू-ड्रायव्हर, ग्रीसची डबी, कालचा कॉफीचा कप हे सगळं टेबलावरच होतं. आत गेलं ते फक्त गेज.

मी तेव्हा एकही शब्द खोटा बोललो नाही. त्यानंतरही बोललो नाही. तरी त्या ड्रॉवरचा आवाज अजून कानात आहे. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं का, हा प्रश्न मला त्या आवाजानं पाडला.

थोडं मागून सांगतो.

मी मूळचा रत्नागिरीचा. नोकरीसाठी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फीनिक्सला. चहूकडे वाळवंट, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला इथे पाण्याची तहान लागते, ती प्यायच्या पाण्याची नव्हे. शहराच्या उत्तरेला लेक प्लेझंट नावाचा धरणाचा मोठा तलाव आहे. तिथे मी पहिल्यांदा स्टँड-अप जेट स्की पाहिली आणि वेडा झालो.

तारकर्लीला किंवा गोव्यात पाच मिनिटांच्या राइडला मिळते ती बसायची जेट स्की. पाण्यावरची स्कूटरच म्हणा. स्टँड-अपला सीटच नसते. मागे पाय ठेवायला अरुंद ट्रे, पुढे बिजागरीवर वर-खाली होणारा दांडा आणि त्याच्या टोकाला हँडल. थांबलेली असताना ती तुम्हाला उभं राहू देत नाही, कलंडते. वेग घेतला की मगच उभं राहता येतं आणि वेग सोडला की पडता. पहिले दोन महिने मी बहुतेक वेळ पाण्यातच होतो. गंमत म्हणजे जेट स्कीची सुरुवातच या प्रकारापासून झाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कावासाकीनं बाजारात आणलेली जेट स्की उभ्यानं चालवायची होती. बसायच्या गाड्यांनी पुढे बाजार खाल्ला.

या खेळात ज्या मशीनचं नाव आदरानं घेतात, ती म्हणजे यामाहाची सुपरजेट. १९९० साली आलेली, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, पुढे ७०१ सीसीची. २०२१पासून ती फोर-स्ट्रोक झाली. नवी घ्यायची तर दहा हजार डॉलरच्या आसपास. माझं बजेट होतं दोन हजार.

दोन हजारात वेगवान स्टँड-अप हवी असेल, तर एकच रस्ता उरतो. ती बांधायची. नव्वदच्या दशकातली सुपरजेट शोधायची, इंजिन मेलेलं असलं तरी चालेल, हल म्हणजे खालचं शरीर धड पाहिजे. मग एखादी जुनी, बसायची यामाहा शोधायची, जिच्यात तेच ७०१चं इंजिन असतं. उभीचे चाहते भरपूर आणि गाड्या थोड्या, म्हणून त्या महाग. जुन्या बसायच्या गाड्या लोकांना अंगणातून जायला हव्या असतात. तिचं काळीज काढून हिच्यात बसवायचं. दोन स्वस्त मिळून एक महाग.

मला हल मिळाला तो एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये. जाहिरातीत एवढंच होतं : जुनी जेट स्की, बंद, सहाशे डॉलर. ताडपत्री काढली आणि माझे डोळे विस्फारले. १९९३ची, चौकोनी नाकाची सुपरजेट. इंजिन जाम होतं. पण त्याला रेसिंगचा एक्झॉस्ट पाइप लावलेला होता. टू-स्ट्रोकमध्ये पाइप म्हणजे नुसती धुराची नळी नव्हे. इंजिनाची निम्मी ताकद त्याच्या आकारात असते. जुन्या बाजारात तो एकटा पाइप सहाशेपेक्षा जास्तीला गेला असता. त्या गृहस्थांना हे माहीत नव्हतं. गाडी मुलाची होती, मुलगा दुसऱ्या राज्यात गेला होता आणि त्यांना जागा मोकळी करायची होती.

मी गप्प राहिलो. नुसता गप्पही नाही. इंजिनाकडे बघून चेहरा पाडला, मान हलवली, "हे गेलंच" म्हणालो, आणि साडेचारशेत सौदा केला. ट्रेलर ओढत निघालो तेव्हा त्यांनी प्यायला थंड पाण्याची बाटली दिली.

हिवाळाभर मी बांधत होतो. सातशेला एक बसायची गाडी आणली, इंजिन काढलं, मोजलं. दोन्ही सिलिंडरमध्ये १५० पीएसआय कॉम्प्रेशन, म्हणजे ठणठणीत. कार्ब्युरेटरचे किट अस्सल घेतले, इंपेलरला धार काढून घेतली, सगळे रबरी पाइप बदलले. एक काम टाळलं : क्रँकशाफ्टचे सील. ते बदलायचे तर क्रँककेस उघडावा लागतो, म्हणजे सगळं इंजिन सुटं करायचं. निदान गळती तरी तपासायला हवी होती. आत येणारे-जाणारे रस्ते बंद करून आठ-दहा पीएसआय हवा भरायची आणि काटा उतरतो का ते बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम. तेही केलं नाही, कारण हवा उतरली असती तर पुढचा खर्च करावा लागला असता.

स्वस्तात बांधणाऱ्यांची ही सवय मला आता ओळखू येते. जे दिसतं त्याच्यावर आपण खर्च करतो. जे दिसत नाही, ते तपासतसुद्धा नाही, कारण तपासलं की माहीत होतं आणि माहीत झालं की जबाबदारी येते.

तो उन्हाळा आयुष्यातला सर्वांत चांगला होता, हेही सांगितलं पाहिजे. पहाटे पाच वाजता तलावावर जायचं. पाणी काचेसारखं. वळणावर अंग टाकलं की हात पाण्याला लागायचा.

सप्टेंबरमध्ये इंजिनाचा आवाज किंचित बदलला. गेज लावलं. पुढचा सिलिंडर १४८, मागचा १२०. सील गळत असणार, हे मला तिथेच कळलं. गळक्या सीलमधून जादा हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, त्याच्याबरोबर तेलही कमी पडतं, पिस्टन तापतो आणि हळूहळू स्वतःलाच खातो. अजून चालेल. किती दिवस, ते सांगता येत नाही.

मी गाडी विकायला काढली. बत्तीसशे डॉलर.

आलेला मुलगा एकोणीस-वीसचा होता. टायरच्या दुकानात काम करायचा, नखांत काळं. गाडीभोवती तीनदा फिरला. मला वाटलं, पाइप बघतोय. पण त्याला पाइप कळत नव्हता, तो रंग बघत होता. मग त्यानं विचारलं, "चांगली चालते ना?"

मी म्हणालो, "आज सकाळीच चालवून आणली."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्यानं खिशातून नोटा काढल्या आणि मोजायला लागला. बऱ्याचशा वीस-वीसच्या होत्या.

त्या रात्री मी ताईला फोन केला. ती रत्नागिरीत वकिली करते. मी तिला गोष्ट 'एका मित्राची' म्हणून सांगितली. ती हसली नाही, हे विशेष.

"आपला कराराचा कायदा १८७२चा," ती म्हणाली. "कलम १७ बघ. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नाही, असं त्यात आहे. उदाहरण घोड्याचं आहे. घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, तो लिलावात काही बोलत नाही. फसवणूक नाही."

मला बरं वाटलं.

"पुढचं ऐक," ती म्हणाली. "घेणारी त्याची स्वतःची मुलगी असेल, नुकती सज्ञान झालेली, तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य होतं. आणि घेणारा म्हणाला, की तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगला आहे असं धरून चालेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. तुझ्या मित्राला त्यानं काही विचारलं होतं का?"

मी म्हणालो, आठवत नाही. हे मात्र सरळ खोटं होतं, आणि गमतीची गोष्ट म्हणजे या सगळ्या प्रकरणातलं ते पहिलंच.

नंतर मी वाचत बसलो. अमेरिकेतही असाच एक जुना खटला आहे. १८१५चा फेब्रुवारी, न्यू ऑर्लिन्स. ब्रिटनशी युद्ध संपल्याची बातमी एका व्यापाऱ्याला भल्या पहाटे, इतरांच्या आधी कळली. नाकेबंदी उठणार, तंबाखूचा भाव चढणार. तो तडक तंबाखू घ्यायला गेला. समोरच्यानं विचारलं, भाव वाढेल अशी काही बातमी आहे का? हा गप्प राहिला. सौदा झाला, आणि भाव तीस ते पन्नास टक्के चढला. १८१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की बातमी सांगायला तो बांधील नव्हता. पण दोन्ही बाजूंनी एक काळजी घ्यायची : समोरच्याची दिशाभूल होईल असं काही बोलायचं नाही, आणि करायचंही नाही.

'करायचंही नाही' यापाशी मी थांबलो. म्हाताऱ्या गृहस्थांसमोर पाडलेला चेहरा आठवला. आणि ड्रॉवर.

आता तुम्ही म्हणाल, दोन्हीकडे मी गप्पच होतो, मग दोन्ही सारखेच. मलाही आधी तसंच वाटलं. पण मला वाटतं, त्यात फरक आहे, आणि तो फक्त माझी सोय म्हणून काढलेला नाही.

पाइपाची किंमत मला कळली ती दोन वर्षं जुन्या जाहिराती चाळून, लोकांना प्रश्न विचारून. ती पारख होती, मी कमावलेली. आणि पाइप समोर होता. त्या गृहस्थांनी फोनवर फोटो काढून चार ठिकाणी विचारलं असतं, तर त्यांनाही कळलं असतं. प्रत्येक पारखी माणसानं विकणाऱ्याला आधी धडा द्यायचा असेल, तर कोणी पारख शिकणारच नाही. रद्दीच्या दुकानात दुर्मिळ पुस्तक वीस रुपयांत घेणाऱ्याला आपण चोर म्हणत नाही. त्याचा आपल्याला हेवा वाटतो.

मागच्या सिलिंडरचे १२० पीएसआय ही पारख नव्हती. ते त्या गाडीचं दुखणं होतं आणि ते माहीत असलेला जगात एकच माणूस होता. मुलाला ते बघून कळणार नव्हतं, त्यासाठी गेज लागतं, आणि ते मी आत ठेवलं होतं. शिवाय पाइपाबद्दलच्या मौनानं कोणाचे तरी काही डॉलर गेले. सिलिंडरबद्दलच्या मौनानं एक पोरगा तलावाच्या मध्यावर बंद पडू शकत होता, स्पीडबोटींच्या वाटेत.

म्हणजे पहिल्या सौद्यात मी निर्दोष? तेही नाही. तिथे गप्प राहायचा हक्क मला होता, रडका चेहरा करायचा नव्हता. नुसतं "साडेचारशे देतो" म्हणालो असतो, तर आज त्या पाण्याच्या बाटलीची आठवण बोचली नसती.

आमच्या बाबांनी मी शाळेत असताना जुनी स्कूटर विकली होती. ती कलती केल्याशिवाय सुरू व्हायची नाही. घेणाऱ्याला त्यांनी ती आधी सरळ उभी असताना किका मारायला लावलं, घाम काढला, मग कलती करून दाखवली. त्यानं हजार रुपये कमी केले. आई दोन दिवस बोलली नाही, त्या हजारात माझी फी होती. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "हजारासाठी मी बाजारात रस्ता बदलून जाऊ का?" मी त्याला वर्षानुवर्षं जुन्या माणसांचा भाबडेपणा समजत होतो. वास्तविक तो चोख हिशेब होता. लपवलेल्या दोषाची किंमत सौद्यानंतर विकणाऱ्याकडून वसूल होत राहते.

माझी वसुली तीन आठवड्यांनी आली. मुलाचा मेसेज. आधी फोटो : मागचा पिस्टन, डोक्यावर भोक पडलेला. खाली त्यानं लिहिलं होतं, की संध्याकाळी मध्यावर गाडी बंद पडली, तासभर हातानं वल्हवत होतो, शेवटी एका मासे पकडणाऱ्यानं ओढून आणलं. मी शिवीची वाट बघत होतो. पुढे होतं : "तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो. माझं काय चुकलं असेल?"

तो स्वतःचं चुकलं समजत होता.

मी त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. दोन्ही आकडे, सील, ड्रॉवरसकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी पेट्रोलमध्ये तेल बरोबरच घातलं होतं." त्यानंतर त्यानं दोन शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. पुढचे तीन रविवार मी त्याच्या घरी जाऊन इंजिन उघडलं. सुटे भाग माझ्या पैशांनी आणले. या वेळी सील बदलले, हवा भरली, काटा ठरला तिथे उभा राहिला. आमची मैत्री वगैरे झाली नाही. काम संपल्यावर त्यानं हात मिळवला आणि गॅरेजचं शटर खाली ओढलं.

दोन हजारात वेगवान स्टँड-अप मिळते का? मिळते. पण उरलेले पैसे कोणीतरी भरत असतं : आधीचा मालक, नंतरचा मालक, किंवा आपण स्वतः, वेळ आणि घाम देऊन. स्वस्त याचा अर्थ बऱ्याचदा 'बिल पुढच्याच्या नावावर' एवढाच असतो. स्वतःच्या घामानं स्वस्त केलेली वस्तू आणि दुसऱ्याच्या अज्ञानानं स्वस्त झालेली वस्तू बाहेरून सारखीच दिसते. ओळखायची एकच खूण मला सापडली आहे. समोरचा यायच्या आधी आपण काय उचलून ठेवतो, ते बघायचं.

सध्या दुसरी गाडी बांधतोय. विकेन तेव्हा दोन्ही आकडे जाहिरातीत असतील, आणि तेवढी किंमत उतरेल हेही धरून चाललोय. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा नंबर अजून फोनमध्ये आहे. पाइपाचे पैसे मी देणं लागत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. तरी दोनदा नंबर उघडला आणि दोन्ही वेळा बंद केला. मत इतकं पक्कं असतं, तर उघडला कशाला असता?